पोचलीस की कळव

गुरुवार, २८ सप्टेंबर २०२३, सुझोऊ

आज कारखान्यात दुपारनंतर कुणाचं कामात लक्ष नव्हतं. उद्या मध्य-शरद सण. कंपनीने प्रत्येकाला युएपिंगचा लाल खोका दिला होता आणि गावाला निघालेले लोक तो बॅगेत कसा बसवायचा या खटपटीत होते. युए म्हणजे चंद्र, पिंग म्हणजे पोळी-भाकरीसारखं गोल, चपटं काहीही. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ही चंद्राची पोळी कापून वाटून खायची, असा हा सण. यंदा त्याला लागूनच १ ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिन आला, म्हणून २९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर सलग आठ दिवस सुट्टी. बदल्यात ७ आणि ८ तारखेचा शनिवार-रविवार भरून द्यायचा.

त्यांची ती पौर्णिमा म्हणजे यंदा आपली भाद्रपद पौर्णिमा. म्हणजे आज अनंत चतुर्दशी. इथे संध्याकाळचे सात आणि पुण्यात साडेचार वाजले असताना आईने फोनवर उत्तरपूजा दाखवली. बाप्पाच्या हातावर दही, दादाच्या हातात पाट, आणि खालच्या रस्त्यावरून ढोल-ताशांचा असा आवाज की आई काय बोलते ते मी तिच्या ओठांवरून ओळखत होते. मी एप्रिलमध्ये इथे आले. २०२० पासून भारत आणि चीनमध्ये थेट विमान नाही. हाँगकाँग नाहीतर बँकॉकवरून फिरून जायचं म्हटलं की सुट्टीतले दोन-तीन दिवस विमानतळांवरच जातात. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मी विसर्जन असं तळहाताएवढ्या पडद्यावर पाहिलं.

“उद्या कुठे चाललीस?”

“शांघायला. ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या घरी.”

“सुट्टीची गर्दी असेल गं. पोचलीस की कळव.”

हे वाक्य आई सहा वर्षं न चुकता म्हणते आहे.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

सुझोऊहून शांघाय बुलेट ट्रेनने अर्ध्या तासाचं अंतर. पण तिकीट पंधरा दिवस आधी खुलं होतं आणि या सुट्टीचं तर डोळ्यांदेखत संपतं. (पुढे आकडा वाचला. या एका दिवसात चिनी रेल्वेने २ कोटींहून जास्त प्रवासी वाहिले, तोवरचा उच्चांक.) मी मेट्रोने निघाले. सुझोऊची ११ नंबरची मेट्रो जूनमध्येच सुरू झाली. ती ह्वाछ्याओ स्टेशनला शांघायच्या ११ नंबर मेट्रोला जाऊन मिळते. एका शहराची लोकल थेट दुसऱ्या शहराच्या लोकलच्या गळ्यात पडावी तसं. वेळ मात्र घेते. मला अडीच तासांहून जास्त लागले.

गाडीत बसायला जागा नव्हती, पण रेटारेटीही नव्हती. समोर एक आजोबा दोन्ही पायांमध्ये जिवंत खेकड्यांची पेटी धरून उभे होते. सुझोऊजवळच्या यांगछंग तळ्यातले खेकडे याच दिवसांत बाजारात येतात. पेटीच्या भोकांतून आतल्या ओल्या दोऱ्या दिसत होत्या, गाडीने ब्रेक मारला की आत खुडबुड व्हायची आणि आजोबा पेटीवर हलकेच तळवा ठेवायचे.

आजची तारीख मला एरवीही जड जाते. २९ सप्टेंबर २०१७, तोही शुक्रवारच होता, दसऱ्याच्या आदला दिवस. मी तेव्हा डोंबिवलीत राहायचे, नोकरी लोअर परळला. परळला उतरायचं, पूल ओलांडून एल्फिन्स्टन रोडच्या बाजूला जायचं, हा रोजचा रस्ता. त्या दिवशी ऑफिसात खंडेनवमीची पूजा होती म्हणून मी तासभर आधीची गाडी पकडली. साडेदहाच्या सुमाराला जोराची सर आली. लोक छत्रीवाचून बाहेर पडेनात, पुलाच्या जिन्यातच थांबले, आणि दोन्ही लाइनींच्या गाड्यांमधून उतरलेले लोक मागून येत राहिले. २३ माणसं त्या जिन्यात चेंगरून गेली. आमच्या मजल्यावरच्या प्रत्येकाचा फोन दिवसभर वाजत होता आणि प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न एकच, कुठे आहेस. आईने मला किती वेळा लावला असेल, कोण जाणे. लाइनच लागत नव्हती.

गिरण्या गेल्या, तिथे ऑफिसं आली, माणसं कितीतरी पटींनी वाढली आणि पूल गिरणीच्या काळातलाच राहिला. पुढे लष्कराने नवा पूल बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. स्टेशनचं नावही प्रभादेवी झालं. मी मात्र तेव्हापासून गर्दीत शिरताना आधी जिना कुठे आहे ते बघते.

दुपारी नानचिंग पश्चिम रस्त्यावर उतरून ‘कुंगतलिन’च्या रांगेत उभी राहिले. १९२२ पासूनचं हे शाकाहारी उपाहारगृह. कारखान्यातून मिळालेल्या खोक्यातल्या युएपिंगमध्ये खारवलेल्या अंड्याचा बलक आणि चरबी, मला त्याचा उपयोग नव्हता. इथले युएपिंग पूर्ण शाकाहारी आणि त्यासाठी रांग कोपऱ्यावरून वळलेली. मी घेतले ते खजुरासारख्या लाल बोरांच्या गोळ्याचे, वर चिलगोजे पेरलेले. गरम होते. खारीसारखे पापुद्रे सुटत होते आणि आतलं सारण पुरणासारखं घोटलेलं. नुसत्या वासाने पुरणपोळीची आठवण व्हावी इतकं जवळचं.

मुक्कामासाठी ऑनलाइन घेतलेल्या हॉटेलने पासपोर्ट बघितल्यावर हात वर केले. परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे नोंद करायची त्यांची सोय नव्हती. पैसे परत मिळाले, पण सणाच्या संध्याकाळी बॅग घेऊन फुटपाथवर उभं राहायची पाळी आली. मैत्रिणीला कळवलं तर तिचा एका ओळीत निरोप. “च्ये, तिथेच थांब, मी येते.” च्ये म्हणजे ताई. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, कारखान्यातही मला ताईच म्हणते. घरी राहायचं तर २४ तासांत नोंद करावी लागते. ती तिने रिक्षाच्या वेगाने, चालता चालता माझ्या फोनवर ऑनलाइन करून टाकली.

तिचं घर होंगखौ भागातल्या एका जुन्या लोंगथांगमध्ये. लोंगथांग म्हणजे गल्लीतली वसाहत. दगडी चौकटीत काळं लाकडी दार, आत अरुंद जिना, आणि तळमजल्यावर चार बिऱ्हाडांचं मिळून एक स्वयंपाकघर. चार ओटे, चार नळ, आणि छताला चार बल्ब, प्रत्येकाचं बटण आपापल्या खोलीत, म्हणजे विजेचं बिल ज्याचं त्याला. मुंबईच्या चाळीत ज्याने एक दिवस काढला आहे त्याला हे घर समजावून सांगावं लागत नाही. मी चपला कुठे काढायच्या हेसुद्धा न विचारता ओळखलं.

मैत्रिणीच्या आईला मी ‘आयी’ म्हणते. चिनीत मावशी-काकूच्या वयाच्या कुठल्याही बाईला आयीच म्हणतात. पहिल्यांदा कारखान्यातल्या सफाईच्या बाईंना कुणीतरी तशी हाक मारलेली ऐकली तेव्हा मी दचकून मागे बघितलं होतं. आज या घरात ती हाक मारताना जीभ आपोआप लांब होत होती आणि ‘आई’च तोंडातून बाहेर पडत होतं. त्यांना फरक कळला नाही. मला कळत होता.

आयींनी मला शाकाहारी म्हणून वेगळं काही केलं नव्हतं, कारण या दिवशी शांघायच्या घरांत जे लागतंच ते माझ्या पानात बसणारं होतं. एका परातीत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, आणि दुसरीत वाफवलेल्या अळकुड्या. अळूच्या कंदाला इथे युनाय म्हणतात आणि त्या उच्चारात ‘भाग्य येवो’ असं ऐकू येतं म्हणून तो सणाला खातात. ऋषिपंचमीच्या भाजीतला अळू जाऊन दहा दिवसही झाले नव्हते आणि इथे त्याचाच कंद समोर. आयींनी एक अळकुडी उचलली, टोकाशी नखाने चीर दिली आणि दोन बोटांत दाबली. पांढरा गर सालातून अखंड निसटून बशीतल्या साखरेवर पडला. मी केलं तर निम्मा गर सालातच राहिला. त्यांनी माझ्या हातातलं साल घेऊन उरलेलंही काढून दिलं.

मी कुठल्या भागातली हे विचारल्यावर मी महाराष्ट्र म्हणाले, नकाशात बोट ठेवलं. मग त्यांनी स्वतःहून एक नाव घेतलं, “ख तिह्वा.” डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं हे चिनी नाव. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींसाठी इथे आला आणि ९ डिसेंबर १९४२ ला इथेच गेला. “पुस्तकात वाचलं होतं,” आयी म्हणाल्या. “तुझ्या गावचा?” मी म्हटलं, माझ्या भाषेचा.

साडेआठला आम्ही चांदणं बघायला बाहेर पडलो. गल्लीत मुलं चाकं लावलेले सशाचे कंदील दोरीने ओढत फिरत होती. चंद्रावर ससा आहे हे चिनी मुलांनाही सांगावं लागत नाही. आपण त्या सशावरून चंद्राला शशी म्हणतो, त्यांचा ससा तिथे बसून खलबत्त्यात औषध कुटतो. आणि यंदाचं चिनी वर्षच सशाचं. वाटेत कुठल्यातरी कुंपणाआड क्वेह्वा फुललेलं होतं. त्याची फुलं तांदळाच्या कणीएवढी, दिसत नाहीत, फक्त वास येतो. बकुळीचा असतो तसा चिकट, गोड. सुझोऊचं हे शहरफूल, माझ्या कारखान्याच्या फाटकातही आहे.

वायपाय-तू पूल १९०७ पासूनचा, सबंध पोलादाचा. सुझोऊहून येणारी खाडी जिथे ह्वांगफू नदीत शिरते तिथे तो उभा आहे. ढग होते. पुलावर शेकडो माणसं पूर्वेकडे तोंड करून थांबली होती. मग ढगाला फट पडली आणि नदीपलीकडच्या पुतुंग भागातल्या मनोऱ्यांच्या वर चंद्र आला. त्या मनोऱ्यांत ६३२ मीटरचा शांघाय टॉवर आहे, ४६८ मीटरचा टीव्ही टॉवर आहे, सगळे रंगीत दिव्यांनी मढलेले, पण त्या क्षणी पुलावरचा एकूण एक फोन चंद्राकडे वळला. शेजारच्या बाई कुणालातरी व्हिडिओ कॉलवर ओरडून सांगत होत्या, बघ, दिसला का, आला बघ. मीही आईला फोटो पाठवला. पोचले, असंही लिहिलं. तिचं उत्तर लगेच आलं.

शनिवार, ३० सप्टेंबर

दिवसभर रिमझिम. मैत्रिणीला घेऊन शान्शी उत्तर रस्त्यावरचं ओहेल रेचेल सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बघायला गेले. आत सोडत नाहीत. फाटकातून वेलींनी झाकलेला दर्शनी भाग दिसतो, तेवढाच. जेकब ससून यांनी पत्नीच्या स्मरणार्थ दिलेल्या पैशातून ते उभं राहिलं, १९२० साली.

ससून! माझा जन्म ससूनमधला. पुण्यातल्या निम्म्या लोकांचा असेल. लाल देवळावरून, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉगवरून, मी शाळेत असताना शेकडो वेळा गेले आहे. १८६७ च्या त्या देवळाच्या आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे. बगदाद सोडून १८३२ मध्ये हे घराणं मुंबईला आलं आणि व्यापारात मोठं झालं. त्या व्यापारात कापूस होता, कापड होतं आणि फार मोठा वाटा अफूचा होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून, बिहारची कलकत्त्याहून, आणि दोन्ही इथे चीनच्या किनाऱ्यावर. अफू घ्यायला नकार दिला म्हणून इंग्रजांनी युद्ध केलं आणि १८४२ च्या तहाने जी बंदरं जबरदस्तीने उघडायला लावली त्यांत शांघाय होतं.

मैत्रीण गप्प होऊन ऐकत होती. मग म्हणाली, “आमच्या शाळेत आधुनिक इतिहास अफूच्या युद्धापासून सुरू होतो. अफू इंग्रजांची, एवढंच डोक्यात राहिलं. ती कुणाच्या शेतात पिकत होती, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.” बिहारमधल्या शेतकऱ्याला उचल देऊन कसं बांधून घेत, ते मी तिला सांगितलं. धान्याच्या जमिनीवर त्याला खसखस लावावी लागे. खसखस म्हटल्यावर दिवाळीचे अनारसे आठवले. ते मी तिला सांगितलं नाही.

तिथून आम्ही नदीकाठच्या पीस हॉटेलात गेलो. १९२९ मध्ये व्हिक्टर ससूनने बांधलेली ही इमारत, वर हिरव्या तांब्याचा निमुळता पिरॅमिड. व्हिक्टरच्या घराण्याच्या मुंबईत गिरण्या होत्या. परळची जेकब ससून मिल त्यांचीच, तीच पुढे इंडिया युनायटेड मिल नंबर १ झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर त्याने मुंबईतला पैसा काढून शांघायमध्ये घालायला सुरुवात केली. लॉबीच्या अष्टकोनी घुमटाखाली उभी राहून मी वर बघत होते, पिवळ्या काचेतून उजेड येत होता. परळच्या साच्यांवर उभ्या राहिलेल्या माणसांच्या घामाचा त्या काचेत वाटा आहे. मी ज्या पुलावरून रोज गेले तोही त्याच माणसांच्या वेळचा. हे मला कुणी पुण्यात किंवा मुंबईत सांगितलं नव्हतं, शांघायला येऊन कळलं.

रविवार, १ ऑक्टोबर

राष्ट्रीय दिनाच्या रात्री वायथानला जायचंच, असं मैत्रिणीचं. वायथान म्हणजे नदीचा पश्चिम काठ, इंग्रजांच्या वेळच्या दगडी इमारतींची रांग आणि समोर पुतुंग. आयी येणार नव्हत्या. निघताना त्यांनी दोघींच्या हातात उकडलेल्या शेंगांची पुडी दिली आणि मुलीच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, अठ्ठावीस वर्षांच्या मुलीच्या.

सुट्टीच्या संध्याकाळी नानचिंग पूर्व हे वायथानजवळचं मेट्रो स्टेशन बंद ठेवतात, गाड्या न थांबता पुढे जातात. म्हणून लोकचौकाला उतरून नानचिंग रस्त्याने चालत निघालो. दोन्ही बाजूंच्या इमारतींवर लाल झेंडे, मुलांच्या गालांवर लाल झेंड्यांचे स्टिकर, मांसाच्या गरम युएपिंगच्या दुकानांपुढे रांगा. रस्ता वाहनांना बंद, आणि काठोकाठ माणसं. लालबागला दहाव्या दिवशी असतात तशी. फरक एकच. ढोल नव्हते, आणि सगळे एकाच दिशेने चालले होते.

हनान रस्त्याच्या चौकात मी थांबलेच. झेब्रा क्रॉसिंगच्या दोन्ही कडांना जवान उभे होते, ऑलिव्ह रंगाचा गणवेश, पांढरे हातमोजे, एकेका ओळीत पंचवीस-तीस. सिग्नल लाल झाला. शिट्टी वाजली, ओळ पळत आडवी आली आणि खांद्याला खांदा लावून उभी राहिली. माणसांची भिंत. पलीकडून गाड्या गेल्या. पुन्हा शिट्टी, भिंत मधून उघडली, अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे, जसं फाटक उघडतं, आणि त्यांच्यामधून आम्ही हजारो माणसं पलीकडे गेलो. इथले लोक याला चेनची उपमा देतात, जॅकेटच्या चेनची. उघडते, मिटते.

आम्ही पहिल्या रांगेत होतो, त्यामुळे एक जवान माझ्यापासून हातभर अंतरावर. वीस वर्षांचाही नसेल. गालावर तारुण्यपीटिका, टोपीच्या पट्ट्याखालून घामाची एक धार कानामागे उतरत होती आणि तो पुसत नव्हता. त्याच्या कोपराला एका छोट्या मुलीचा फुगा लागला. त्याने मान न वळवता कोपर दोन बोटं मागे घेतलं. शिट्टी झाली, तो पळाला, आणि नव्वद सेकंदांनी पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला. रात्रभर तो हेच करणार होता. १८८० च्या दशकापासून याच रस्त्यांवर पंजाबातून आणलेले शीख पोलीस इंग्रजांच्या हुकमाने उभे असायचे. हा पोरगा स्वतःच्या देशातल्या लोकांना रस्ता ओलांडून देत होता.

चौकाच्या पुढे नदीकाठी छन यी चौक लागतो. १९४९ नंतरच्या शांघायच्या पहिल्या महापौरांचा, छन यी यांचा, तिथे पुतळा आहे. पुतळ्यामागे नदीकाठच्या उंच कट्ट्यावर चढायचा जिना. मैत्रिणीने माझं मनगट धरलं.

“तो हाच जिना,” ती म्हणाली.

३१ डिसेंबर २०१४. रात्री ११ वाजून ३५ मिनिटं. नवीन वर्षाचा दिव्यांचा कार्यक्रम दुसरीकडे हलवला होता, पण कितीतरी जणांना ते माहीत नव्हतं आणि माणसं सवयीने इथेच आली. काही वर चढत होती, काही खाली उतरत होती, दोन्ही लोंढे या जिन्यावर समोरासमोर आले. ३६ जण गेले, बहुतेक विशीतली पोरं-पोरी. “मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. येणार होते, मैत्रिणीला ताप आला म्हणून होस्टेलवरच राहिले. फोन चार्जिंगला लावून झोपले. सकाळी उठले तर आईचे एकतीस मिस्ड कॉल. ती रात्रीच पहिल्या टॅक्सीने होस्टेलच्या फाटकाशी येऊन उभी होती.”

मी तिला एल्फिन्स्टनचं सांगितलं. तिथल्या तिथे, जिन्याच्या पायथ्याशी, मोडक्या चिनीत. पाऊस, जिना, दोन्हीकडून येणारी माणसं. तिला शब्द कळले नसतील तेही कळलं असावं. आम्ही तो जिना चढलो तेव्हा मधोमध कठडा होता, एका बाजूला पोलीस, आणि सगळी माणसं एकाच दिशेने वर. उतरायचं ते पलीकडच्या टोकाला, वेगळ्या जिन्याने. ज्या वाटेने आलात त्या वाटेने परत नाही. भोंग्यावरून एक बाई सावकाश, न ओरडता तेच तेच सांगत होत्या: थांबू नका, पुढे चला, मुलांचा हात धरा.

मला हे फार महत्त्वाचं वाटलं आणि अजून वाटतं. माझ्या देशातल्या गर्दीत मी वाढले, तिच्यावर माझं प्रेम आहे. मिरवणुकीत अनोळखी माणूस आपल्या पोराला खांद्यावर घेतो, पाण्याची बाटली हातोहात मागे जाते, हे मी इथे कुठे पाहिलं नाही. पण माणसं प्रेमाने एकत्र येतात तेव्हा त्यांना घरी सुखरूप नेण्याचा रस्ता कुणीतरी आधी आखून ठेवायला लागतो. तो ३६ माणसांनंतर इथे आखला गेला. तो जवान, तो कठडा, ती बंद मेट्रो, सगळं त्या रात्रीचं ऋण आहे. आपल्याकडे २३ गेल्यावर पूल झाला, हे खरं. दर सणाला, दर जिन्यावर कुणीतरी उभं असायला हवं, ते अजून नाही.

वर कठड्याशी आम्हाला चार मिनिटं मिळाली. नदीचा वारा, कोळशासारखं काळं पाणी, त्यात लाल-पिवळे दिवे लांबलेले. समोरच्या मनोऱ्यांवर झेंडा सरकत होता. मागे १९२७ च्या कस्टम हाउसच्या घड्याळाचे टोले पडले आणि गर्दीतून एक मोठा हुंकार उठला. तेवढ्यात माझा फोन थरथरला. हांगझोऊला आशियाई स्पर्धा बघायला गेलेल्या नागपूरच्या सहकाऱ्याचा वीचॅटवर निरोप. “साबळेला सुवर्ण! ३००० मीटर स्टीपलचेस! ८:१९.५०!” अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा, लष्करात नोकरी करणारा. आशियाई स्पर्धेत या शर्यतीचं सुवर्ण जिंकणारा पहिला भारतीय पुरुष. मी मराठीतच ओरडले. मैत्रिणीला कारण सांगेपर्यंत शेजारच्या आजोबांनी काय झालं म्हणून विचारलं, आणि कळल्यावर त्यांनी आपल्या नातवाच्या हातातला छोटा लाल झेंडा माझ्यासमोर हलवून माझं अभिनंदन केलं. त्यांच्या सणात आमच्या बीडच्या पोराचं पदक त्यांनी साजरं केलं.

परत येताना मेट्रो नव्हती आणि टॅक्सीची आशाही. सुझोऊ खाडीवरचा पूल ओलांडून होंगखौपर्यंत चालत आलो, पाऊण तास. शेंगा वाटेत संपल्या. रिकामी सालं मैत्रिणीने पुडीत घालून खिशात ठेवली. गल्लीच्या तोंडाशी आयी उभ्या होत्या, घरातल्या चपलांवर, हातात फोन.

सोमवार, २ ऑक्टोबर

सकाळी निघाले. आयींनी चार अळकुड्या, साखरेची पुडी आणि कालच्या कागदाची घडी करून त्यात क्वेह्वाची फुलं बांधून दिली. लिफ्ट नाही, जिना अरुंद, तरी बॅग त्यांनीच खाली आणली.

परतीची गाडी मोकळी होती. ह्वाछ्याओला बदलून सुझोऊच्या गाडीत बसले तेव्हा दोन निरोप जवळजवळ एकदम आले. एक पुण्याहून, मराठीत. दुसरा होंगखौहून, तीन-चार चिनी अक्षरांत: घरी पोचलीस का?

फाटकातल्या क्वेह्वाचा वास आला तेव्हा मी दोघींना लिहिलं.

पोचले.